तीन हिस्से, एक गुपित

२०२५ च्या नोव्हेंबर महिन्यात एक निवडणूक अशी झाली, की मतदान शांततेत पार पडले, कोणी गैरप्रकार केला नाही, एकही मत बाद झाले नाही, आणि तरीही निकाल लागला नाही. ही निवडणूक कुठल्या साखर कारखान्याची वा पतपेढीची नव्हती. संगणकीय गुपिते कशी राखावीत याचे शास्त्र ज्यांनी उभे केले, त्या कूटलेखनतज्ज्ञांच्या जागतिक संघटनेची, म्हणजे इंटरनॅशनल असोसिएशन फॉर क्रिप्टॉलॉजिक रिसर्चची ती निवडणूक होती. मते ‘हेलिओस’ नावाच्या संगणकीय पद्धतीने गोळा झाली. ती उलगडण्याची किल्ली तीन विश्वस्तांमध्ये विभागून दिलेली होती आणि तिघांचेही हिस्से एकत्र आल्याखेरीज बेरीज उघडू नये, अशी चोख व्यवस्था होती. त्या तिघांपैकी एकाचा हिस्सा हरवला. कायमचा हरवला. मग काय करणार? सगळे मतदान रद्द करून पुन्हा घ्यावे लागले, आणि नव्या खेपेला नियम बदलला: तीनपैकी कोणतेही दोन हिस्से आले तरी पुरे.

जगभरच्या वर्तमानपत्रांना ही बातमी म्हणजे करमणूक होती. कुलूप बनवणाराच घराबाहेर अडकला, असा तिचा सूर. माझी अनेक वर्षे अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना डिजिटल सर्किट्स शिकवण्यात गेली. मला मात्र हसू आले नाही. त्या संघटनेने जी चूक केली ती मूर्खपणाची नव्हती. तिने एका प्रश्नाचे उत्तर एका टोकाला जाऊन दिले, इतकेच. प्रश्न असा: एखादे गुपित अनेकांत वाटायचे, तर किती जण एकत्र आल्यावर ते उघडावे, आणि किती जण गळाले तरी काम चालावे? इंग्रजीत या मर्यादेला ‘थ्रेशोल्ड’ म्हणतात. आपला उंबरठा हा शब्द त्याला अगदी फिट्ट बसतो. उंबरठ्याच्या अलीकडे काहीच कळत नाही, पलीकडे सगळे कळते.

हा प्रश्न आता माणसांपुरता राहिलेला नाही. तो तुमच्या खिशातल्या बँकेच्या कार्डात आणि भिंतीवर नव्याने बसणाऱ्या विजेच्या मीटरात, त्यांतल्या नखाएवढ्या चिपच्या पोटात जाऊन बसला आहे. तिथे तो कोण सोडवतो, कसा सोडवतो, आणि त्याचे पैसे कोण मोजतो, हे सांगण्यासाठी हा लेख.

माणसांची गोष्ट आधी उरकू. बँकेची तिजोरी एकट्याने उघडायची नसते. एक किल्ली व्यवस्थापकाकडे, दुसरी मुख्य रोखपालाकडे. दोघे हजर असल्याशिवाय दार हलत नाही. ही पद्धत संगणकाच्या कितीतरी आधीची. तिच्यातली अडचणही जुनीच. रोखपाल आजारी पडला तर? म्हणून दुसऱ्या किल्लीची नक्कल कुठेतरी ठेवावी लागते. नक्कल ठेवली की चोरीला आणखी एक जागा तयार झाली. नकला वाढवाल तर गुपित सैल होते, हिस्से वाढवाल तर काम अडते. हा पेच लोखंडी किल्ल्यांनी सुटत नाही.

तो गणिताने सोडवला १९७९ साली. इस्रायलचे अदि शामीर आणि अमेरिकेचे जॉर्ज ब्लेकली यांनी एकमेकांपासून स्वतंत्रपणे. शामीर यांची युक्ती दहावीच्या मुलालाही समजेल अशी आहे. समजा गुपित आहे ७. मनातल्या मनात आणखी एक आकडा धरा, ४. आता ७ पासून चार-चारच्या पायऱ्या चढा: ११, १५, १९. पहिल्या विश्वस्ताला ११ द्या, दुसऱ्याला १५, तिसऱ्याला १९. यांतले कोणतेही दोघे एकत्र आले की पायरीची उंची कळते आणि मागे उतरत उतरत ७ पर्यंत पोहोचता येते. एकट्याला मात्र पायरी केवढी हेच ठाऊक नाही. त्याच्या दृष्टीने गुपित काहीही असू शकते. प्रत्यक्षात हा हिशेब भागाकाराच्या बाकीवर चालवतात, त्यामुळे एकट्याला अंदाज बांधायलाही जागा उरत नाही. दोनाऐवजी तीन जणांची अट हवी असेल तर सरळ रेषेऐवजी वक्र रेषा घ्यायची, एवढाच फरक. पाचपैकी तीन, सातपैकी पाच, हवा तो उंबरठा ठरवा.

आज इंटरनेटवरील सगळी नावे ज्या एका मुळाशी येऊन थांबतात, त्या मुळाची किल्ली अशाच नियमाने राखलेली आहे. अमेरिकेत दोन ठिकाणी ती ठेवली आहे; प्रत्येक ठिकाणी सात सात माणसे नेमलेली, आणि त्यांच्यातली किमान तीन हजर असल्याशिवाय किल्ली वापरता येत नाही. फेब्रुवारी २०२० मध्ये असाच एक किल्लीसमारंभ काही दिवस लांबला. माणसे आली होती, नियमही पाळले होते. बिघडले होते ते तिजोरीचे कुलूप! असो.

इथवर गोष्ट माणसांची झाली, आणि माणसांना वाटणी करून देणे सोपे. पण बँकेच्या कार्डातली चिप एकटी असते. तिला तीन विश्वस्त नाहीत. तिच्या पोटात किल्ली आहे आणि ती किल्ली वापरून तिला दर वेळी गणित करून दाखवायचे आहे, तेही एखाद्या परक्या यंत्रात खुपसलेल्या अवस्थेत. तिजोरी बँकेच्या तळघरात असते. चिप चोराच्या हातात असू शकते. त्याला घाईही नसते.

बरे, हातात असली म्हणून काय झाले? किल्ली काही बाहेर दिसत नाही. १९९० च्या दशकाच्या मध्यापर्यंत बहुतेकांची समजूत हीच होती. आपल्याकडे पूर्वी काळ्या खोक्याचे मीटर असत, ज्यांच्यात ॲल्युमिनियमची चकती फिरायची. चकतीच्या वेगावरून आत इस्त्री चालू आहे की नुसता दिवा, हे जाणकार माणूस घरात न शिरता सांगू शके. चिपचेही तसेच आहे. चिपमधला एखादा सूक्ष्म स्विच शून्याचा एक झाला की किंचित वीज ओढली जाते. काहीच बदलले नाही तर जवळजवळ ओढली जात नाही. म्हणजे आत चाललेल्या गणिताची पुसट सावली विजेच्या तारेवर पडते. अमेरिकेतील पॉल कोचर यांनी १९९६ मध्ये गणिताला लागणाऱ्या वेळेवरून किल्ली कशी काढता येते ते दाखवले होते. मग जोशुआ जॅफ आणि बेंजामिन जुन यांच्यासह १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात त्यांनी विजेच्या सावलीचे शास्त्रच मांडले. एका मोजणीतून काही कळत नाही, कारण खरखर फार असते. पण तेच गणित हजारो वेळा करवून घेतले आणि सरासरी काढली, की खरखर आपोआप मरते आणि सावली गडद होते. कार्ड फोडायचे नाही, तोडायचे नाही. नुसते ऐकायचे.

यावर उतारा काय? कूटलेखनवाल्यांना शामीर आठवले. किल्ली एकसंध ठेवूच नका. चिपच्या आतच तिचे हिस्से करा आणि सगळे गणित हिश्श्यांवर करा. त्यासाठी चढत्या पायऱ्यांची जरूर नाही, सम-विषमाचा खेळ पुरतो. गुपित म्हणजे शेवटी शून्य किंवा एक. तीन चिठ्ठ्या घ्या. दोन चिठ्ठ्यांवर नाणे उडवून शून्य वा एक लिहा. तिसरीवर असे लिहा, की तिन्हींतल्या एकांची संख्या विषम आली तर गुपित ‘एक’, सम आली तर ‘शून्य’. कोणत्याही दोन चिठ्ठ्या पाहून काही म्हणजे काही कळत नाही. दर वेळी नाणी नव्याने उडवायची, म्हणजे विजेची सावली दर वेळी वेगळी पडेल आणि सरासरी काढणाऱ्याच्या हाती नुसता चिखल लागेल. १९९९ पासूनच ही मुखवट्याची पद्धत मांडली जाऊ लागली. २००३ मध्ये इशाई, सहाय आणि वॅगनर या तिघांनी अशा सर्किटांसाठी रीतसर गणिती सिद्धताही दिली. प्रकरण मिटले असे वाटावे, अशी ती सिद्धता आहे.

पण मिटले नाही, आणि ते का मिटले नाही हा या साऱ्या कथेतला मला सर्वांत आवडणारा भाग आहे.

प्रयोगशाळेत दुसऱ्या वर्षाच्या मुलांकडून मी दरवर्षी एक प्रयोग करून घेत असे. दोनचार गेट्सचे साधे सर्किट. कागदावर पाहिले तर इनपुट बदलले तरी आउटपुट एकच राहायला हवे. मुले ते कागदावर सोडवून यायची, खुशीत असायची. मग ऑसिलोस्कोप लावला की पडद्यावर मधेच एक बारीक सुळका दिसायचा. क्षणभर आउटपुट खाली पडून पुन्हा वर. ‘सर, वायर सैल आहे’ हे पहिले उत्तर ठरलेले. वायर सैल नसायची. एक सिग्नल दोन गेट्स ओलांडून येतो, दुसरा तीन. दोघे एकाच क्षणी पोहोचत नाहीत. तेवढ्या अवधीत पुढचे गेट अर्धवट माहितीवर चुकीचे उत्तर देऊन मोकळे होते आणि मग सुधारते. याला ग्लिच म्हणतात. गणिताच्या दृष्टीने तो अस्तित्वातच नाही, कारण अखेरचे उत्तर बरोबर असते. विजेच्या दृष्टीने तो पुरेपूर अस्तित्वात आहे, कारण स्विच हलला की वीज लागते.

आता हे मुखवट्याच्या सर्किटात घडते तेव्हा काय होते पाहा. दोन हिस्से एकमेकांना कधी भेटू नयेत, भेटलेच तर मधे नाण्याचा आकडा मिसळलेला असावा, अशी सिद्धतेची अट. कागदावर तो आकडा आधी मिसळतो. सिलिकॉनमध्ये तो एखाद्या लांबच्या तारेने येतो आणि उशिरा पोहोचतो. त्या निमिषार्धात दोन्ही हिस्से उघडेवाघडे समोरासमोर येतात, गेट थरथरते, आणि किती वेळा थरथरले ते गुपितावर अवलंबून असते. ऑस्ट्रियातील ग्राझच्या तांत्रिक विद्यापीठाशी संबंधित श्टेफान मांगार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये प्रत्यक्ष चिपवर हे करून दाखवले. मुखवटा घातलेल्या एईएस सर्किटातून त्यांनी किल्ली काढली. सिद्धता चुकीची नव्हती. ती ज्या सर्किटाबद्दल होती ते सर्किट कागदावर होते.

दुसऱ्याच वर्षी, २००६ मध्ये, स्वेतला निकोवा, ख्रिस्तियान रेखबेर्गर आणि व्हिन्सेंट राइमेन यांनी एक निबंध वाचला. राइमेन म्हणजे एईएसच्या दोन जनकांपैकी एक. आपल्याच अपत्याच्या संरक्षणाला धावले म्हणा ना. त्यांनी सुचवलेल्या पद्धतीला ‘थ्रेशोल्ड इम्प्लिमेंटेशन’ असे नाव पडले. तिचा गाभा एखाद्या हुशार कार्यालयीन अधीक्षकाला सुचावा असा आहे.

कचेरीत तीन कारकून आहेत असे समजा. दोन गुपितांचा गुणाकार करायचा आहे. प्रत्येक गुपिताच्या तीन चिठ्ठ्या, म्हणजे पहिल्याच्या तीन गुणिले दुसऱ्याच्या तीन असे नऊ छोटे गुणाकार होतात, आणि त्या सगळ्यांची सम-विषम बेरीज म्हणजे उत्तर. आता नियम असा करा: पहिल्या कारकुनाला कोणत्याही गुपिताची एक क्रमांकाची चिठ्ठी कधीही दाखवायची नाही. दुसऱ्याला दोन क्रमांकाची नाही. तिसऱ्याला तीन क्रमांकाची नाही. मग नऊच्या नऊ गुणाकार होतील का? होतात. कारण कुठल्याही एका गुणाकारात फार तर दोन क्रमांक गुंतलेले असतात. उरलेला तिसरा क्रमांक ज्याला पाहायची बंदी आहे, त्या कारकुनाकडे तो गुणाकार द्यायचा. एक आणि दोनचा तिसऱ्याकडे, दोन आणि तीनचा पहिल्याकडे. प्रत्येक जण आपल्या वाट्याची बेरीज सांगतो. ती तीन उत्तरे म्हणजे नव्या गुपिताच्या तीन चिठ्ठ्या.

या योजनेची खुबी अशी, की कारकून कितीही धांदरट असला तरी चालतो. तो कागद उलटसुलट करो, आधी चुकीची बेरीज करून मग खोडो, मोठ्याने पुटपुटो. त्याने तिसरी चिठ्ठी पाहिलेलीच नाही, तेव्हा त्याच्या पुटपुटण्यातून गुपित बाहेर पडणारच नाही. ग्लिच थांबवायचा प्रयत्नच इथे सोडून दिला आहे. गेट थरथरणार हे गृहीत धरून, थरथरत्या गेटला पूर्ण माहिती मिळूच द्यायची नाही. आणि तिघांची कामे एकमेकांत मिसळण्याआधी मधे एक रजिस्टर ठेवायचे, म्हणजे घड्याळाचा ठोका पडेपर्यंत कोणाचेही अर्धवट उत्तर पुढच्या टेबलावर जाणार नाही.

आता हेही कळेल की दोन चिठ्ठ्यांवर हे का भागत नाही. एक आणि दोनचा गुणाकार करायला दोन्ही पाहाव्याच लागतात, आणि दोन्ही पाहिल्या की सगळे पाहिले. तीन गुपितांचा एकत्र गुणाकार असेल तर याच हिशेबाने चार चिठ्ठ्या लागतात. गणित जितके गुंतागुंतीचे तितके हिस्से जास्त, आणि तितके सिलिकॉन जास्त.

इथे पैशाचा प्रश्न येतो. २०११ मध्ये अमीर मोरादी आणि सहकाऱ्यांनी एईएसचे अत्यंत आटोपशीर सर्किट तयार केले. बिनसंरक्षणाचे ते सुमारे २४०० गेट्सच्या जागेत बसले. त्याच निबंधात थ्रेशोल्ड पद्धतीने संरक्षण दिलेली आवृत्तीही होती, आणि तिला सुमारे ११ हजार गेट्सची जागा लागली. म्हणजे साडेचार पटींहून अधिक. शिवाय दर वेळी नाणी उडवण्यासाठी यादृच्छिक आकड्यांचा अखंड पुरवठा हवा, त्याचे वेगळे यंत्र हवे. ते यंत्र मुके झाले आणि शून्येच देत बसले, तर बाकी सारा डोलारा जागेवर असून कुचकामी. चिपच्या व्यवसायात जागा म्हणजे पैसा. तुम्ही एका फायनल क्लिअरन्सच्या बैठकीत बसला आहात अशी कल्पना करा. दोन पुरवठादार आहेत. दोघांच्या पत्रकावर ‘एईएस १२८’ लिहिले आहे. दोघांची चिप सारखेच उत्तर देते. एकाची स्वस्त आहे. तुम्ही कोणती घ्याल?

आणि पैसे मोजले तरी काम संपत नाही. चिपचा आराखडा गेट्समध्ये उतरवणारे जे सॉफ्टवेअर असते, त्याचा स्वभाव एखाद्या काटकसरी अधीक्षकासारखा असतो. एखादा आकडा मिसळला आणि पुढे तोच आकडा पुन्हा मिसळून काढून टाकला, हे त्याला दिसले की तो म्हणतो, हा काय पोरखेळ आहे? आणि दोन्ही पायऱ्या उडवून टाकतो. त्याच्या दृष्टीने त्याने फालतू गेट्स वाचवली. आपल्या दृष्टीने मुखवटाच ओरबाडला. तीन कारकुनांच्या तीन खोल्यांमधली भिंत त्याला अनावश्यक वाटते. ‘ही भिंत पाडू नको’ असे त्याला स्पष्ट बजावावे लागते. उत्तर तर बरोबरच येत राहते, त्यामुळे नेहमीच्या चाचणीत हे पकडले जात नाही. चाचणी उत्तराची होते, सावलीची होत नाही. त्यातही, खोल्या वेगळ्या असल्या तरी विजेची तार एकच. एका खोलीत भार वाढला की शेजारच्या खोलीतला दिवा किंचित मंद होतो. तेवढ्यानेही हिस्से एकमेकांशी बोलू शकतात, असे २०१७ च्या सुमारास संशोधकांनी दाखवून दिले. पोटभाडेकरू कितीही सोवळ्यात राहिले तरी नळ एकच, तसा प्रकार.

दुसऱ्या बाजूचे उंबरठ्याचे गणित मी अजून सांगितलेले नाही. ते संगणकाइतकेच जुने आहे. १९५६ साली प्रसिद्ध झालेल्या एका निबंधात जॉन फॉन नॉयमान यांनी बेभरवशाच्या भागांपासून भरवशाचे यंत्र कसे करावे हे सांगितले होते: एकच काम अनेकांना सांगा आणि बहुमत घ्या. तिघांपैकी एकाचे बिघडले तरी दोघांचे मत चालते. विमानांत, अंतराळयानांत हीच रीत. तीनपैकी दोन हाही उंबरठाच. पण त्याचा रोख उलटा आहे. इथे तिघांकडेही संपूर्ण माहितीच्या नकला असतात. बिघाडाविरुद्ध हे उत्तम. गुपितासाठी हे वाईट, कारण ऐकायला आता तीन जागा झाल्या. आणि चिठ्ठ्यांच्या पद्धतीत नेमके याच्या विरुद्ध: ऐकणाऱ्याविरुद्ध उत्तम, पण एक चिठ्ठी बिघडली की सगळे उत्तर चुकते. चोर हे जाणतो. १९९७ मध्ये बोनेह, डीमिलो आणि लिप्टन यांनी दाखवले, की सहीचे गणित करणाऱ्या यंत्राला मधेच एक धक्का देऊन एकच चुकीचे उत्तर काढून घेतले, तर काही पद्धतींत तेवढ्यावरून गुप्त किल्ली हाती येते. म्हणजे चांगल्या चिपला दोन्ही उंबरठे हवेत. गुपित फुटू नये म्हणून हिस्से, आणि बिघाड कळावा म्हणून त्या हिश्श्यांची पुन्हा ताडतपासणी. त्या निवडणुकीतल्या तीन विश्वस्तांची अडचण आणि चिपची अडचण एकच आहे, असे मी म्हणालो ते याच अर्थाने.

हे सगळे प्रयोगशाळेतले चोचले आहेत, प्रत्यक्षात कोण एवढे उपद्व्याप करतो, असे वाचकांपैकी काहींना वाटेल. दोन उदाहरणे देतो.

पहिले फिलिप्सच्या ‘ह्यू’ नावाच्या इंटरनेटी दिव्यांचे. एयाल रोनेन, कॉलिन ओफ्लिन, आणि पुन्हा एकदा अदि शामीर, आणि आखी-ओर वाइनगार्टन यांनी २०१६ मध्ये जाहीर केलेल्या व पुढच्या वर्षी परिषदेत मांडलेल्या कामात एका दिव्याची विजेची सावली मोजली आणि त्यातली किल्ली काढली. उपकरणे काहीशे डॉलरची. आता एका दिव्याची किल्ली गेली तर काय बिघडले? बिघडले असे, की आतले सॉफ्टवेअर बदलण्यासाठी वापरायची ती किल्ली त्या जातीच्या सगळ्या दिव्यांत एकच होती. एक फुटला, सगळे फुटले. एका दिव्यातून शेजारच्या दिव्यात, तिथून पुढच्या, अशी साथ शहरभर पसरू शकते हे त्यांनी मांडले. कंपनीने त्यांच्या सांगण्यावरून दुरुस्ती केली.

दुसरे उदाहरण अधिक बोचरे आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये फ्रान्समधील निंजालॅबचे थॉमस रोश यांनी दाखवून दिले, की इन्फिनिऑन या नामांकित कंपनीच्या सुरक्षा चिपमध्ये सही करताना एका पायरीला लागणारा वेळ गुपितावर अवलंबून आहे. काही मिनिटे चिप उघडी करून तिच्या विद्युतचुंबकीय लहरी टिपल्या की किल्ली काढता येते. ‘युबीकी ५’ या सुरक्षा-किल्ल्यांत ती चिप होती, आणि विकल्या गेलेल्या किल्ल्यांतले सॉफ्टवेअर बदलता येत नाही. हा दोष १४ वर्षे कुणाच्या लक्षात आला नव्हता. त्या काळात सर्वोच्च दर्जाच्या सुमारे ८० तपासण्यांतून तो सुखरूप पार पडला होता. हल्ला करायला ती वस्तू चोराच्या हातात यावी लागते, खर्चिक यंत्रेही लागतात, हे खरे. घाबरून कोणी किल्ल्या फेकून देण्याचे कारण नव्हते. पण प्रमाणपत्र म्हणजे नेमके काय, हा प्रश्न त्यातून निघाला तो निघालाच.

आता आपल्या दाराशी येऊ. रिझर्व्ह बँकेच्या आदेशानुसार २०१८ अखेरपर्यंत नुसत्या चुंबकीय पट्टीची कार्डे बदलून चिपची कार्डे आली, हे योग्यच झाले. २०२१ मध्ये केंद्राने वीज वितरणासाठी जी सुधारणा योजना मंजूर केली, तिच्यात देशभर सुमारे २५ कोटी स्मार्ट मीटर बसवण्याचे लक्ष्य आहे. महाराष्ट्रात या मीटरांवरून आंदोलने झाली. बिल वाढणार का, पैसे आधी भरायचे का, याची. ते प्रश्न रास्तच आहेत. पण माझ्या दारात मीटर बदलायला जो तरुण आला, त्याला मी विचारले, बाबा रे, यातली किल्ली प्रत्येक मीटरची वेगळी असते का? तो म्हणाला, “काका, याला किल्ली नसते, सील असतं. ते तेवढं तोडू नका.”

त्याचे काही चुकले नाही. त्याला तेवढेच शिकवलेले. किल्ली अर्थातच असते. मीटर मुख्य केंद्राशी सांकेतिक भाषेत बोलतो तो तिच्याच जोरावर. आणि मीटर ही वस्तू अशी, की ती पंधरावीस वर्षे परक्याच्या भिंतीवर, परक्याच्या ताब्यात, कुणाचे लक्ष नसताना राहणार. सावली मोजणाऱ्याला याहून सोयीचे गिऱ्हाईक कोणते? म्हणून निविदेत ‘एईएस १२८’ एवढे लिहून भागत नाही. प्रत्येक मीटरची किल्ली स्वतंत्र आहे का? सॉफ्टवेअर बदलाची खातरजमा करायला मीटरात गुप्त किल्ली ठेवली आहे, की उघडी किल्ली पुरेल अशी सहीची पद्धत वापरली आहे? गुप्त किल्ली चिपमध्ये किती हिश्श्यांत आहे, यादृच्छिक आकड्यांचे यंत्र बंद पडले तर चिप थांबते की तशीच रेटते, आणि सावलीची चाचणी किती लाख मोजण्यांपर्यंत केली? यांतला एकही प्रश्न विचारायला गणिताची पदवी लागत नाही. उत्तर तपासायला मात्र प्रयोगशाळा लागते.

ती आपल्याकडे अजिबात नाही असे नाही. आंतरराष्ट्रीय ‘कॉमन क्रायटेरिया’ करारात २०१३ पासून भारताला स्वतः प्रमाणपत्र देण्याचा अधिकार आहे. खरगपूरच्या आयआयटीतील देबदीप मुखोपाध्याय यांचे नाव या विषयात जगभर घेतले जाते. त्यांना २०२१ चे भटनागर पारितोषिकही मिळाले. मद्रासच्या आयआयटीत ‘शक्ती’ हा देशी प्रोसेसर तयार झाला. आणि २०२१ च्या डिसेंबरात ७६ हजार कोटी रुपयांची सेमीकंडक्टर योजना जाहीर झाल्यापासून चिप देशात बनवण्याचा उत्साह मोठा आहे. त्या उत्साहात चर्चा चालते ती किती नॅनोमीटरची चिप बनणार याची. कार्डाला आणि मीटरला लागणारी चिप जुन्या, जाड तंत्रावरही उत्तम बनते. तिच्यात कष्ट लागतात ते आराखड्याच्या वेळी, भिंती सांभाळण्यात.

परदेशातले प्रमाण ठरवणारेही आता या बाजूने विचार करू लागले आहेत. छोट्या उपकरणांसाठी अमेरिकेच्या ‘निस्ट’ संस्थेने २०२३ मध्ये ‘ॲस्कॉन’ ही पद्धत निवडली आणि ऑगस्ट २०२५ मध्ये तिचे मानक प्रसिद्ध केले. तिच्यातला कळीचा भाग मुद्दाम असा रचलेला आहे, की त्यात एका वेळी दोनच आकड्यांचे गुणाकार येतात. म्हणजे वरच्या तीन कारकुनांत तो सहज बसतो. एईएसच्या वेळी, २००१ मध्ये, हा विचार मानकाच्या केंद्रस्थानी नव्हता, आणि ती उणीव पुढे वीस वर्षे गेट्स ओतून भरून काढावी लागली. उलट क्वांटम संगणकाच्या भीतीने ऑगस्ट २०२४ मध्ये जी नवी मानके आली, त्यांतल्या जाळीच्या गणितावर आधारलेल्या पद्धतींत साधी बेरीज-वजाबाकी आणि सम-विषम यांची सरमिसळ आहे. तिथे एका प्रकारच्या चिठ्ठ्यांवरून दुसऱ्या प्रकारच्या चिठ्ठ्यांवर जाताना हिस्से उघडे न पाडणे, हेच सध्याचे सर्वांत जिकिरीचे काम होऊन बसले आहे. आज भिंतीवर चढणारे मीटर त्या बदलाच्या काळातही तिथेच असतील. त्यांच्या चिपमध्ये नव्या पद्धतीला लागणारी जागा आणि नाणी उडवायचे यंत्र आत्ताच ठेवले आहे की नाही, हे निविदेचा कागद मंजूर होतो त्या दिवशीच ठरून जाते.